नसलेल्या कर्जाची थकबाकी

लोकांची पत मोजणाऱ्या साहेबांनो, तुम्ही खोटं माप घेता. हा आरोप मी शिवणकाम करणारी बाई म्हणून करते आहे. मापातलं मला कळतं. मी माणसाला समोर उभं करते, टेप लावते, आकडा मोठ्याने वाचते. तुम्ही मला पाहिलंही नाहीत आणि लिहून टाकलंत: सहाशे बारा.

हे मला कळलं बँकेत. ज्या गाळ्यात मी एकोणीस वर्षं मशीन चालवते, तो मालककाकांनी विकायला काढला. म्हातारा माणूस, लेकीकडे कायमचा निघालेला. "महिनाअखेरपर्यंत तू घे, नाहीतर दुसऱ्याला देतो," म्हणाले. मी कर्जाचा अर्ज घेऊन गेले. टेबलावरचा कारकून ओळखीचा निघाला. त्याच्या अंगावरच्या पँटची उंची मीच कमी केली होती. पैसे शनिवारी देतो म्हणाला होता.

"काकू, स्कोअर सातशे लागतो. तुमचं नऊ वर्षांपूर्वीचं एक कर्ज थकलेलं दिसतंय."

थकलं होतं, नाही कशाला म्हणू? ओव्हरलॉक मशीनचे शेवटचे पाच हप्ते राहिले, कारण तेव्हा नवऱ्याचा पाय मोडला आणि घरात कमावते हात दोनच उरले, दोन्ही माझे. कर्ज देणाऱ्या कंपनीने दोन वर्षं फोन केले, मग तीही दमली.

"ते फेडून टाका, की झालं," कारकून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या वसुली विभागात पैसे घेऊन हजर. तिथल्या वसुलीसाहेबांना आपणहून आलेलं माणूस बघायची सवय नसावी. त्यांनी आधी मला पाणी दिलं.

"ताई, तुमच्यासाठी खास योजना आहे. निम्मे भरा, निम्मे माफ."

"माफ कशाला? मी काय दरोडा घातलाय? पूर्ण आणलेत, मोजून घ्या."

"पूर्ण घ्यायची योजना सध्या चालू नाही. कॉम्प्युटरमध्ये निम्म्याचंच बटण आहे."

बटण दाबलं गेलं. पावती मिळाली, वर अभिनंदनाचं पत्र. ते घेऊन पंधरवड्याने मी बँकेत गेले. स्कोअर झाला होता पाचशे एकसष्ट.

कारकुनाने मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "काकू, ते कर्ज इतकी वर्षं गाढ झोपलं होतं. तुम्ही हलवून उठवलंत. आता त्याच्यावर ताजी तारीख पडली, आणि पुढे शेरा आला 'तडजोड'. तडजोड म्हणजे निम्मे बुडवले."

"अरे, बुडवले कुठे? हे बघ, पर्समध्ये आहेत!"

"मला दाखवून काय उपयोग? तिकडे भरा."

तिकडे गेले. या खेपेला पाणी मिळालं नाही.

"तुमच्याकडे आमचं काहीच येणं नाही," वसुलीसाहेब म्हणाले. "येणं नसताना पैसे घेतले तर आमची चौकशी लागेल."

"मग येणं करा."

मी हे वैतागून म्हटलं होतं. त्यांनी शांतपणे खण उघडून छापील अर्ज काढला: 'माफ झालेली रक्कम पुन्हा देणे लागण्याबाबत विनंती.' दोन फोटो, एक जामीनदार, उत्पन्नाचा दाखला. सगळं दिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'अर्जदाराचा स्कोअर कमी असल्याने सदर रकमेची थकबाकी त्यांना मंजूर करता येत नाही.' शिवाय अर्ज केल्याबद्दल नऊ गुण कापले. पाचशे बावन्न. म्हणजे माझी आता कुणाचं देणं लागायचीही लायकी राहिली नाही.

महिना संपायला दोन दिवस होते. संध्याकाळी माझे धाकटे दीर आले. भावजींच्या नावावर चार कर्जं आहेत: गाडीचं, फोनचं, दुसऱ्या फोनचं, आणि या तिन्हींचे हप्ते भरण्यासाठी काढलेलं चौथं. स्कोअर सातशे एक्क्याण्णव.

"वहिनी, तुमचं चुकलंच. कर्ज फेडायचं नसतं, खेळवायचं असतं."

"एवढं कळतं तर तुम्हीच घ्या ना गाळा!"

त्यांनी घेतला. दारात उभ्या उभ्या, फोनवर पाचवं कर्ज काढून, अकरा मिनिटांत. मोडलेला पाय केव्हाच जुळलेला माझा नवरा खुर्चीतून म्हणाला, "चला, गाळा घरातच राहिला."

आता मी दर एक तारखेला भावजींना भाडं देते. त्या भाड्यातून पाच तारखेला त्यांचा हप्ता जातो. माझं भाडं एकदाही चुकलं नाही, म्हणून त्यांचा हप्ता चुकत नाही, म्हणून त्यांचा स्कोअर आता आठशे चार आहे. माझा आहे तिथेच आहे; वेळेवर दिलेलं भाडं मोजायचं तुमच्याकडे बटण नाही.

तर साहेबांनो, मला लेखी उत्तर हवंय: त्या आठशे चारमधले माझे किती?

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही गालात हसताय ते दिसतंय मला. माझ्या मशीनशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. कुणाची चेन बदलली, कुणाच्या कोटाचं अस्तर, कुणाच्या पोराचा गणवेश. सगळ्यांचे स्कोअर उत्तम असणार, कारण माझी वही कुठलीच बँक बघत नाही. तुमचंही पान आहे त्यात. तुम्ही कपडे घेऊन गेलात तेव्हा म्हणाला होतात, शनिवारी देतो.

कुठला शनिवार, तेवढं सांगा.