कोंबडा वर की खाली

बाबांना शेवटच्या प्रवासाला मी त्यांच्याच पिकअप ट्रकमधून नेणार आणि त्या ट्रकवर सुपरचार्जर बसवूनच नेणार, असं मी जाहीर केलं तेव्हा माझा आत्मविश्वास पाहण्यासारखा होता! मी गावच्या वाचनालयात काम करते. इंजिनांवरची आमच्याकडची सगळी पुस्तकं मी वाचून काढली होती. शिवाय हाताशी वेळ होता. बाबा जानेवारीत गेले. आमच्या उत्तर मिनेसोटात तेव्हा जमिनीवर कुदळ मारली तर कुदळच ओरडते. म्हणून हिवाळ्यात गेलेल्या माणसांना बर्फ वितळेपर्यंत दफनभूमीतल्या दगडी खोलीत थांबावं लागतं. बाबाही थांबले होते. उभ्या आयुष्यात ते कुणासाठी एवढे थांबले नव्हते!

"सोल्वेग, आपण बाबांना पुरायला चाललोय, शर्यतीला नाही," माझा भाऊ डेल म्हणाला. तो विमा विकतो. त्याला जगात सगळीकडे अपघातच दिसतात.

"बाबांनी तो बसवायला घेतला होता."

"त्यांनी मागचा ओटाही बांधायला घेतला होता. तोही बांधतेस?"

"ओट्यावरून दफनभूमीत जाता येत नाही."

डेलने हात टेकले. पण शववाहिका ठरवलीच. ती रिकामी मागून येणार होती, 'लागली तर असावी' म्हणून. हा अपमान मी गिळला.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या घशात जबरदस्तीने हवा कोंबणारं यंत्र. बाबांनी तो एका भंगारातल्या बसवरून काढला होता. तो आकाराने पावाच्या पेटीएवढा होता आणि वजनाने माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेएवढा. बसचा अवयव ट्रकला आपोआप थोडाच बसतो? जोडणारा प्रत्येक तुकडा घरी घडवावा लागतो. बरेचसे बाबांनी घडवले होते. उरलेल्यांचे पुठ्ठ्याचे नमुने कापून त्यांनी खिळ्यांना टांगून ठेवले होते. सगळे नमुने त्यांच्या सकाळच्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचे होते आणि प्रत्येकावर लाल कोंबड्याचा कुठला ना कुठला भाग होता. कुठे तुरा, कुठे नुसता डोळा.

मदतीला एनार काका होते, बाबांचे धाकटे भाऊ; पण बाबांना ते सरळ 'ओरिन' म्हणायचे. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. आम्ही दोघांनी हिवाळाभर ॲल्युमिनियम कापलं, भोकं पाडली, कानशीने कडा घासल्या. इंजिन आणि सुपरचार्जर यांच्यामधली जाड पाटी तयार झाली. पट्टा ताणणाऱ्या चाकाचा आधार तयार झाला. राहिली शेवटची, तळहाताएवढी वाकडी पट्टी. पाय उचलला की हवेची झडप ओढून बंद करणाऱ्या स्प्रिंगचं एक टोक तिच्यात अडकवायचं होतं.

काकांनी नमुना ॲल्युमिनियमवर ठेवला. "कोंबडा वर की खाली?"

"वर असणार. चित्र म्हणजे पुढची बाजू."

"तुझ्या पुस्तकात लिहिलंय तसं?"

"कोंबड्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग ऐक. चित्रावर पेन्सिल धड उमटत नाही. म्हणून ओरिनने रेघा कोऱ्या बाजूवर मारल्यात, या बघ. माणूस रेघा मारतो ती बाजू वर धरतो. कोंबडा खाली!"

मी एवढे तत्त्वज्ञ वाचले, पण इतका बिनतोड युक्तिवाद कुठे वाचला नव्हता. कोंबडा खाली गेला.

पट्टी बसली. इंजिन सुरू झालं आणि गॅरेजच्या खिडक्या टाळ्या वाजवू लागल्या! काका मात्र ॲक्सिलरेटर हलकेच दाबायचे. "नवीन आहे, लाडाने चालव. पूर्ण दाबायचं नंतर कधीतरी."

बाबाही हेच म्हणायचे. एकदा बीटाच्या शेतांमधल्या त्या सरळ रस्त्यावर पूर्ण दाबून बघायचं, नंतर कधीतरी.

मे महिन्यात जमीन मऊ झाली. चर्चसमोर ट्रक उभा केला. बॉनेटला पाडलेल्या भोकातून सुपरचार्जर डोकं वर काढून बसला होता. चर्चच्या स्वयंपाकघरावर राज्य करणाऱ्या आर्डिसबाई काठी टेकत त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "वेगळं आहे."

आमच्याकडे याहून कडक शब्द नाही. घर जळून खाक झालं तरी लोक 'वेगळं झालं' एवढंच म्हणतात.

मागच्या हौद्यात बाबांची पेटी ठेवली. काकांनी गवताचे भारे बांधायच्या पट्ट्यांनी ती अशी आवळली की बाबांनाही श्वास रोखावा लागला असता. मी चावी फिरवली आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद. मागे डेलने शववाहिकेकडे अर्थपूर्ण नजर टाकली.

"चावीचा खटका सैल झालाय," काका म्हणाले. बॉनेटखाली शिरून त्यांनी एक वायर थेट बॅटरीला जोडली. "आता चावी काढून फेकलीस तरी बंद पडणार नाही!"

हे वाक्य मला नंतर फार आठवलं.

मिरवणूक निघाली. पुढे दिवा लावलेली, शेरीफच्या पोलिसांतल्या वेंडेलची गाडी, मग आम्ही, मग शववाहिका, मग दिवे लावलेल्या गाड्यांची लांबच लांब रांग. समोरून येणारे रस्त्याच्या कडेला थांबून टोप्या काढत होते. सगळं इतकं देखणं चाललं होतं की माझे डोळे भरून आले. दफनभूमीच्या अलीकडे चढ आहे. बाबांचं ओझं मागे, म्हणून मी पाय थोडा जास्त दाबला.

सुपरचार्जरने किंकाळी फोडली! मी पाय उचलला. ट्रकने वेग घेतला!

"पाय काढ!" काका ओरडले.

"काढलाय!"

"मग दाबतंय कोण?"

आम्ही दोघांनीही मागे पेटीकडे पाहिलं. खरंच पाहिलं!

चावी फिरवली. उपयोग शून्य. ब्रेक दाबला. जळका वास आला आणि ब्रेकही गेला. मी क्लचवर पाय ठेवला तसे काका किंचाळले, "क्लच नको! ओझं सुटलं की इंजिन फुटेल, आणि तो सुपरचार्जर आपल्या मांडीवर येईल!"

दफनभूमीचं फाटक डावीकडून गेलं. फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाने टोपी काढली आणि आमच्याबरोबर मान फिरवत नेली. पुढे वेंडेलने आरशात पाहिलं असणार. शवपेटी घेऊन ट्रक अंगावर येतोय! त्याने बिचाऱ्याने सायरन लावून गाडी पळवली. आणि मागची रांग? अंत्ययात्रेतून बाहेर पडणं आमच्याकडे महापाप. शववाहिकाही पळू लागली. तिच्यामागे सगळा गाव, आजी-आजोबांसकट, दिवे लावून, अंतर राखून, वाऱ्याच्या वेगाने! एकानेही हॉर्न वाजवला नाही. शोकांतिका मी भरपूर वाचल्या आहेत. त्यातलं कुठलंही प्रेत इतक्या घाईत नव्हतं.

पुढचं गाव आलं आणि गेलं. हॉटेलातली माणसं चमचे हातात धरून उभी राहिली. वेगाचा काटा आकड्यांच्या पलीकडे जाऊन टेकला. मी स्टिअरिंग धरून फक्त एवढंच म्हणत होते, "बाबा, सॉरी. बाबा, सॉरी."

शेवटी सुपरचार्जरच्या भुकेनेच आम्हाला वाचवलं. पेट्रोल संपलं. बीटाच्या शेतांमधल्या रस्त्यावर ट्रक खोकला, हळू झाला, थांबला. मागे सगळ्या गाड्या एकामागे एक शिस्तीत थांबल्या. पास्टर उतरले, केस सारखे केले, पुस्तक उघडलं आणि अदबीने विचारलं, "इथेच का?"

काकांनी बॉनेटखाली डोकं घातलं. कोंबड्याचा नमुना कोटाच्या खिशातून काढून त्यांनी पट्टीशेजारी धरला. एका रेघेवरून नख ओढून पाहिलं. मग म्हणाले, "ही रेघ नाही. वंगणाचा ठसा आहे. ओरिनने पुठ्ठा तेलकट लोखंडावर दाबून माप घेतलं होतं. म्हणजे कोरी बाजू इंजिनाकडे."

"म्हणजे कोंबडा वर."

"कोंबडा वर."

पट्टी उलटी बसली होती. झडप अर्ध्याच्या पुढे उघडली की बंद करणारी स्प्रिंगच तिला ताणून उघडी ठेवत होती.

डेल आला. चेहरा कागदासारखा पांढरा. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. त्याने पेटीच्या पट्ट्या ओढून पाहिल्या. एकही सैल नव्हती. पेटीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

"किती वेग होता?" त्याने विचारलं.

"काटा संपला."

"पूर्ण दाबून बघायचं होतं त्यांना."

"हो."

त्याने नाक पुसलं आणि शववाहिकेतून दोर आणला. अशा रीतीने रिकामी शववाहिका अखेर लागली. तिने ट्रक ओढला, ट्रकने बाबांना नेलं, आणि सगळा गाव मागोमाग परत आला. या खेपेला चालत्या माणसाच्या वेगाने.

चर्चच्या तळघरात जेवताना त्या पळापळीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हवा, बीटाचं पीक, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश कसं छान झालंय, सगळ्यावर बोलून झालं. मग आर्डिसबाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. मी उभीच राहिले.

"बरं," त्या म्हणाल्या. "वेगळं झालं."

"माफ करा, आर्डिसबाई."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जवळ सरकल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "माझ्या वेळी हाच ट्रक आण. आणि ती पट्टी बदलू नकोस."

मी बदलली. कोंबडा वर ठेवून नवीन घडवली. आता पाय उचलला की ट्रक शहाण्यासारखा थांबतो. जुनी पट्टी बाबांच्या खिळ्याला टांगली आहे. फेकणारच होते. पण दर रविवारी प्रार्थनेनंतर आर्डिसबाई हळूच विचारतात, "आहे ना अजून?"