मधुकाकांची मलई

आमचे शेजारी मधुकाका निगुडकर चेहऱ्याला लावायचं क्रीम पोळीला लावून खातात.

चुकून नव्हे. पाहुण्यांसमोर, मुद्दाम, हात जरा उंच धरून. आधी बोटभर क्रीम पोळीवर पसरतात, तिची सुरळी करतात, अर्धी चावतात आणि उरलेली अर्धी पाहुण्याच्या तोंडासमोर नाचवून म्हणतात, "सच सांगतो, जे तोंडात जात नाही ते तोंडावर लावायचं नाही. बाजारातलं सगळं जहर आहे, जहर! हे बघा, एकदम असली माल." त्या असली मालात तिळाचं तेल, मधमाशीचं मेण, कोरफड आणि गुलाबपाणी असतं. खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर निखार येतो की नाही ते माहीत नाही. बघणाऱ्याच्या चेहऱ्याचा रंग मात्र ताबडतोब उतरतो.

मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे काकांचं घर आमच्या भिंतीला लागून असणं हा माझ्या नशिबाचा भाग आहे, असंच मी मानते. वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस भजनाला जातो, राजकारणावर बोलतो, फार तर बागकाम करतो. काकांनी स्वयंपाकघरात कारखाना काढला. त्यांच्या मिक्सरमध्ये एरवी मुलतानी माती आणि कडुनिंबच फिरत असतो, म्हणून त्यांच्याकडच्या चटणीला नदीकाठाची चव असते. आमच्या हरिशंकरपुर कॉलनीत त्यांच्याकडे चहा प्यायला कोणी थांबत नाही. सगळ्यांना नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवतं.

काकांना संत्र्याच्या सालींचा विशेष लोभ. थंडीत कॉलनीत कोणी संत्रं सोललं की त्याची साल काकांची, असा अलिखित कायदा आहे. साली वाळवायला त्यांची गच्ची पुरत नाही. एकदा माझे यजमान ऑफिसला निघाले तर आमच्या गाडीच्या बॉनेटवर साली अंथरलेल्या, वर माशा, आणि काका काठी घेऊन माकडांवर पहारा करत उभे.

"काका, मला जायचं आहे," हे म्हणाले.

"हो ना, जा की," काका म्हणाले. "फक्त गाडी इथेच राहू द्या. लोखंड गरम झालं की साल एकदम कुरकुरीत होते."

हे त्या दिवशी ऑटोने गेले. भिडस्त माणसाच्या गाडीचं हेच होतं.

माल तयार झाला की त्याचं बारसं होतं. चेहऱ्याचा लेप 'मुखचंद्रिका', टाचांचं मलम 'पादपद्म', आणि केसांचं तेल 'दरबार नंबर एक'. दरबार अशासाठी की काकांचे पणजोबा दरबारात होते. ग्वाल्हेरच्या कुठल्या मराठी माणसाचे पणजोबा दरबारात नव्हते, हा प्रश्न वेगळा. पण काकांच्या पणजोबांचा हुद्दा मालाप्रमाणे बदलतो. तेल विकायचं असेल तेव्हा ते राजवैद्य असतात, उटणं असेल तर पुरोहित, आणि गिऱ्हाईक ऐटदार असेल तर थेट फौजेत. हे सगळं ऐश्वर्य काका लोणच्याच्या जुन्या बाटल्यांत भरतात. बाटली धुतात म्हणे. पण मुखचंद्रिका लावलेली बाई शेजारून गेली की मला वरणभाताची आठवण येते.

एकदा मी त्यांना बाटलीतला हिरवा थर दाखवला. "काका, ही बुरशी आहे."

"जडीबुटीची ताकद वर येते आहे, मास्तरीणबाई."

"ताकदीला केस कसे फुटलेत?"

"तुमच्या किताबी बातें तुमच्याजवळ ठेवा," असं म्हणून त्यांनी तो थर चमच्याने काढला आणि मनीप्लांटच्या कुंडीत टाकला. मनीप्लांट त्या उन्हाळ्यात गेला. काकांचं म्हणणं, त्याची प्रकृती आधीपासूनच नाजूक होती.

आणि कॉलनीतल्या शर्मांच्या मुलीच्या लग्नातली हळद! काकांनी हौसेने, फुकट, परातभर उटणं करून दिलं. ते लागलं छान. निघेना. साबण झाला, बेसन झालं, मुलीच्या मामीने तर घासलेट आणू का विचारलं. रिसेप्शनच्या दिवशी मुलगी स्टेजवर झेंडूच्या फुलासारखी पिवळी, आणि तिच्या शेजारी नवरा, त्याचाही एक कान पिवळा. फोटोग्राफरने डोक्याला हात लावला. काका जिलेबी खात म्हणत होते, "असली हल्दीची हीच निशानी. रंग पक्का!"

इतकं होऊनही लोक त्यांच्याकडे जातात. टक्कल पडलेल्याला ते केस कबूल करतात, साठीच्या बाईला चाळिशी. नाही हा शब्द त्यांच्या दुकानात मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. म्हणून माझ्या मोठ्या नणंद उज्ज्वलाताई झाशीहून आल्या आणि त्यांनी मला काकांकडे न्यायला सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात खुशीतच होते. आता चांगलीच गंमत बघायला मिळणार होती.

उज्ज्वलाताई आल्या होत्या मुलीला, ऋचाला, दाखवायला. मुलाकडचे इथलेच, इतवारी आमच्या घरी येणार होते. ऋचा झाशीच्या एका कॉलेजात शिकवते, हसरी आहे, आणि सावळी आहे. चांगली ठसठशीत सावळी, तिच्या आजोबांसारखी. तिला त्याचं काही नाही. जे काही आहे ते तिच्या आईला आहे.

आम्ही तिघी गेलो तेव्हा काका स्वयंपाकघरात मिक्सर फिरवत होते. पायजम्यावर माती, मिशीला माती. उज्ज्वलाताईंनी ऋचाला हाताला धरून पुढे केलं.

"काका, इतवारला मुलाकडचे येणार आहेत. त्याच्या आधी हिचा रंग थोडा साफ होईल असं काहीतरी लगाना पडेगा. तुमचं खूप नाव ऐकलं आहे."

मी खुर्ची ओढून बसले. आता पणजोबा येणार, दुधात केशर पडणार, असं धरूनच चालले होते.

काकांनी मिक्सर बंद केला. "माझ्याकडे नाही."

"नाही म्हणजे?"

"मुरुमांचं आहे. टाचांचं आहे. उन्हाने अंग भाजलं तर त्याचं आहे. गोरं करायचं नाही."

"अहो, असं कसं? बनवून द्या ना मग. आम्ही पैसे देऊ."

"बनवणार नाही."

उज्ज्वलाताई हसल्या. त्यांना वाटलं, भाव खातायत. "काका, मुलीच्या जन्माचा सवाल आहे. थोडं मसूर-दूध घासलं तर काय बिघडतं?"

काकांनी हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. माती उडून भिंतीवर गेली. "घासायचं नाही!" ते ओरडले. "समजलं? पोरीला घासायचं नाही!"

इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. माकडांशीसुद्धा ते आप करून बोलतात. उज्ज्वलाताई मागे सरकल्या. ऋचाच तेवढी जागची हलली नाही. तिने विचारलं, "आजोबा, काय झालं?"

काका खाली, मुलतानी मातीच्या पोत्यावर बसले. बराच वेळ हात पुसत राहिले. मग ऋचाकडेच बघून बोलले. आम्ही दोघी तिथे नसल्यासारख्या.

"आमची विमल सावळी होती, बेटा. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या आईने तिला न्हाणीत बसवली. मसूर आणि दूध. रोज. भांडं घासतात तशी घासायची. कोपराची सालं निघायची, गालावर रक्त यायचं. आई म्हणायची, वरचा थर गेला की आतली गोरी निघेल. आणि मी बाहेर पेपर वाचत बसायचो. आवाज यायचा मला. मी पान उलटायचो."

त्यांनी मिशीवरची माती पुसली.

"पुढे आई गेली. मला वाटलं, सुटली बिचारी. तर ही आपली आपणच घासायला लागली. आदत पडली होती. मी म्हणालो, अगं आता कोण बघतंय? म्हणाली, तुम्ही बघता ना." काकांनी ओट्यावरच्या भांड्याकडे पाहिलं. "मी काय म्हणायला हवं होतं तेव्हा, ते मला नंतर सुचलं. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी कोरफड आणली, तेल आणलं, मलम शिकलो. रोज तिला लावून द्यायचो, आग थांबावी म्हणून. बस. तिथून हे सगळं सुरू झालं."

विमलकाकू आम्ही या कॉलनीत येण्याआधीच वारल्या होत्या. त्यांच्याबद्दल मला नावापलीकडे काही माहीत नव्हतं. काकांच्या घरात त्यांचा एक फोटोही लावलेला नव्हता आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. एकट्या पुरुषाचं घर, भिंतीवर वीज खात्याचं कॅलेंडर असायचंच.

इतवारचं आधीच सांगून टाकते. मुलाकडचे आले, पोहे खाल्ले, मुलाच्या आईने "मुलगी तरतरीत आहे" असं म्हटलं, आणि पुढे त्यांचा फोन आला नाही. उज्ज्वलाताई अजून तो दोष काकांना देतात. ऋचाला मुलगा तसाही आवडला नव्हता. तो म्हणे पोह्यातले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला लावत होता.

पण मला सांगायचं आहे ते आदल्या दिवसाचं, शनिवारचं. सकाळी काका आमच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, मिशी स्वच्छ, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

"मास्तरीणबाई, ऋचाला थोडा वेळ माझ्याबरोबर पाठवता का? दाना ओलीच्या बाजारापर्यंत. तुम्हीही चला."

"धुपात नको, काली पडेल," आतून उज्ज्वलाताई म्हणाल्या. ते ऐकून ऋचाने चपला घातल्या.

दाना ओलीत एक जुना फोटो स्टुडिओ आहे. मालक काकांना ओळखत असावा, कारण काकांना बघताच त्याने आधी सुस्कारा सोडला. काकांनी कागद सोडला. आत तसबीर होती. लग्नानंतर काढून घेतात तसला जोडीचा फोटो, रंगीत. शर्टाचं वरचं बटण लावून अवघडून बसलेले तरुण काका आणि शेजारी दुधासारखी गोरीपान बाई. इतकी गोरी की तिचं नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

"ही विमल नाही," काका मला म्हणाले. "त्या वेळच्या फोटोवाल्याने हात फिरवला. आईने सांगितलं होतं त्याला. बाकी एक फोटो धड नाही. कॅमेरा दिसला की ही पावडर लावायला पळायची."

मालक मला साक्षीला धरून म्हणाला, "मैडम, सब लोग साँवले को गोरा करवाते हैं. अंकल उल्टा चाहते हैं. मैंने कितनी बार करके दिया! कभी कहते हैं राख जैसा हो गया, कभी कहते हैं ईंट जैसा. मैं पूछता हूँ, कैसी थीं? तो चुप हो जाते हैं."

ज्या माणसाकडे टाचेच्या भेगेलासुद्धा विशेषण असतं, त्याच्याकडे बायकोच्या रंगाला शब्द नव्हता.

मग त्यांनी ऋचाकडे हात केला. "ऐसी थी," ते म्हणाले. "देख लो. बिल्कुल ऐसी."

ऋचाने माझ्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. तिने स्टूल ओढलं, कॉम्प्युटरच्या शेजारी बसली आणि दाराच्या उजेडाकडे तोंड केलं. जन्मभर तिला लोक उजेडातून आत ओढत आले होते. "भैया, ठीक से देखिए," ती म्हणाली. "जल्दी नहीं है."

मालक एकदा तिच्याकडे बघे, एकदा पडद्यावर घेतलेल्या त्या फोटोकडे. पडद्यावरची बाई थोडी थोडी बदलत गेली. दूध गेलं, तसं आधी नाक आलं. मग हनुवटी. गालाला गोलाई आली, डोळे जागेवर बसले. काका टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले होते. "और," ते म्हणत होते. "थोडा और. नहीं, इतना नहीं. हां. और थोडा."

काकांचं क्रीम मी आजही लावत नाही, आणि त्यातली बुरशी ही बुरशीच आहे. पण त्या वेळी मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. ती एकदम सैल पडली.

"बस," ते म्हणाले.

मालकाने हात उचलला. ऋचा हलली नाही. पडद्यावर एक सावळी, तरतरीत, जराशी घाबरलेली नवी नवरी बसली होती. काका तिच्याकडे बघत राहिले. मग दार उघडल्यावर समोर माहेरहून परतलेलं माणूस दिसावं, तशा आवाजात हळूच मराठीत म्हणाले, "अगं! किती दिवसांनी!"