दोन आकडी फळा

चलनबदल कचेरीच्या फळ्यावर रोज सकाळी दहाला दर लिहिणं ही जबाबदारीची शासकीय सेवा होती, आणि खडूसाहेब ती बावीस वर्षं बिनबोभाट बजावत होते. त्या दिवशी त्यांनी चाळीस लिहिलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. परक्या एका नाण्याला आपली चाळीस! आबांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या कानाचं यंत्र परदेशातून यायचं होतं, किंमत तिकडची शंभर नाणी. खडूसाहेबांकडे पोटाला चिमटा काढून जमवलेले बरोबर चार हजार होते. नातीचे बोबडे बोल आबांना ऐकू यावेत, एवढीच त्यांची इच्छा.

"उद्या रजा टाकून घेतोच," ते बायकोला म्हणाले.

"आजच घ्या की!"

"दर लिहिणाऱ्याला त्याच दिवशी घेता येत नाही. नियम आहे."

नेमका त्याच संध्याकाळी सरकारला आधुनिकतेचा झटका आला. खडू मागासलेला ठरला आणि देशभरासाठी परदेशातून विजेचे फळे मागवले गेले. त्यासाठी सरकारने बाजारातली परकी नाणी उचलली, म्हणून दर पन्नासवर गेला. दर भराभर बदलू लागला, म्हणून तो भराभर दाखवणारी यंत्रणा आणली. त्यापायी सत्तर झाले. मग दर का चढतो हे शोधायला परदेशी सल्लागार आले. त्यांनी तिकडच्या नाण्यांत फी घेतली आणि परदेशी खरेदी हे कारण सप्रमाण सिद्ध केलं. दर नव्व्याण्णव.

खडूसाहेब बिचकत वरिष्ठांकडे गेले. "साहेब, फळ्यावर दोनच आकडे मावतात. उद्या शंभर झाले तर?"

"निविदेत दोनच होते. तिसऱ्याची तरतूद म्हणजे आपल्या चलनावर अविश्वास. तुमचा आहे का?"

"छे छे!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन शून्यं उमटली. मंत्री स्वतः आले, कचेरीत खुर्च्या मांडल्या गेल्या, तुम्ही-आम्ही सगळे जमलो. खडूसाहेबांनी आबांना हाताला धरून आणलं, पुढे बसवलं आणि खिडकी गाठली.

"फळ्याच्या दराने शंभर नाणी द्या."

"साठा संपला," खिडकीतला म्हणाला. "फळा चुकतोय असं लेखी देणार असाल, तर चौकशी लावतो. तुमचीच."

खडूसाहेब आबांशेजारी येऊन बसले. त्यांना रडू येत होतं.

"परक्या नाण्याची किंमत आम्ही शून्यावर आणली!" मंत्री गरजले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नोकरी आठवून खडूसाहेबांनीही दोन वाजवल्या. हात मांडीवर ठेवून बसले होते ते एकटे आबा. त्यांना भाषण ऐकूच आलं नव्हतं. आपल्याला मात्र स्वच्छ ऐकू आलं होतं.