कुंटे मॅडमचे अकरा सेकंद

माझ्या चहाला कुंटे मॅडमनी एकवीस वर्षांत एकदाही दहापैकी सहाच्या वर मार्क दिले नाहीत.

रोज सकाळी पावणेनऊला मी कप ठेवायची. त्या एक घोट घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल सांगायच्या. "सहा." दूध बदललं, सहा. वेलची कुटून घातली, सहा. एकदा साखर घालायची राहिली, तेव्हा म्हणाल्या, "चार. पार्वतीबाई, पुन्हा बसा." म्हणजे कप परत. मी दुसरा करून आणला. सहा.

मी पार्वती, चौथी पास. चौथीपर्यंत मला कुणी नापास केलं नाही, कारण आमच्या शाळेत मास्तर एक आणि वर्ग चार. नापास करायला त्यांना सवड नव्हती. राहायला जोगेश्वरीला, गुंफेच्या मागे. अंधेरीकडच्या एका मेडिकल कॉलेजात मी ॲनाटॉमीच्या खात्यात कामाला होते. तिथे पहिल्या वर्षाची पोरं दान आलेल्या देहांवर शरीर शिकतात. टेबलं पुसायची, हाडं मोजून कपाटात ठेवायची आणि परीक्षेच्या दिवशी घंटा वाजवायची, ही माझी कामं. पोरं मला मावशी म्हणायची. लोक विचारतात, भीती नाही वाटायची? मेलेल्या माणसानं मला कधी त्रास दिला नाही. जिवंतांची यादी करायला बसले तर कागद पुरणार नाही.

कुंटे मॅडम त्या खात्याच्या मुख्य. चणीनं एवढ्याशा. सुती साडी, वर पांढरा कोट, पायात रबरी चप्पल. मार्क देणं त्यांच्या अंगातच होतं. लिफ्टवाल्याच्या सलामाला पाच. एकदा साकीनाक्याला आमची रिक्षा अडकली होती. चौकात हवालदार हात करत होता. मॅडमनी काचेच्या बरणीतल्या नमुन्यासारखं त्याला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खांदा उत्तम. कोपर नापास." मी तेव्हापासून हवालदाराचं कोपर बघते. खरंच नापास असतं.

पण हसायचं काम नव्हतं. मी त्या बाईचं जे पाहिलंय ते दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. मनगटात आठ हाडं असतात, शेंगदाण्याएवढी. मॅडम हात पाठीमागे धरायच्या, पोरं त्यात एक हाड ठेवायची, आणि त्या बोटांनी चाचपून सांगायच्या, डावं की उजवं, कितवं, कुठल्या ओळीतलं. एकदा चाचपून म्हणाल्या, "डावं. आणि हे काल कुणाच्या तरी हातून पडलंय, कोपरा उडालाय." ते माझ्या हातून पडलं होतं. मी तेव्हा कपाटाच्या मागे उभी होते. तिथेच उभी राहिले.

आता पहिल्या वर्षाची परीक्षा काय असते ते सांगते. लेखी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, वर तोंडी. लेखीत ढीग मार्क पडले आणि प्रॅक्टिकलची वाट लागली, तरी नापास. वर्षभरातले मार्क कमी पडले, परीक्षेला बसता येत नाही. हजेरी कमी, तरी तेच. नापास झालात तर पुन्हा परीक्षा, तिला सप्ली म्हणतात. आणि पहिलं वर्ष पार करायला एकूण चार चान्स. चार संपले की घरी. बारावीला किती शहाणे होतात ते कुणी विचारत नाही.

जन्मात नव्वदच्या खाली न उतरलेली पोरं पहिल्या टेस्टला शंभरात एकतीस पडले की माझ्या खोलीत येऊन रडायची. मी त्यांच्या हातात फडकं द्यायची. "रडायचं तर रड, पण तोवर ते कपाट पूस."

मॅडमकडे जायची कुणाची छाती होत नसे. एक पोरगा गेला होता.

"मॅडम, दोनच मार्क कमी आहेत."

"कुठले दोन?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणसाच्या अंगातल्या कुठल्या दोन गोष्टी तुला येत नाहीत, ते सांग. त्या दोन नसल्या तरी चालेल असा पेशंट शोधून आण. लगेच ग्रेस देते."

पोरगा अजून शोधत असेल.

परीक्षा जवळ आली की वशिल्याचे फोन यायचे. मग मॅडमचा मोबाइल एका रिकाम्या काचेच्या बरणीत जायचा. डावीकडच्या बरणीत मूत्रपिंड, उजवीकडे हृदय, मधे मोबाइल. झाकण घट्ट. आत तो थरथरायला लागला की मॅडम म्हणायच्या, "पार्वतीबाई, एवढा एक नमुना जिवंत आहे." एकदा कॉलेजचे एक ट्रस्टी स्वतःच आले. पुतण्या परीक्षेत उडाला होता. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, मांडीचं हाड हातात दिलं आणि विचारलं, "डावं की उजवं?"

"मला काय माहीत?" ट्रस्टी म्हणाले.

"पुतण्यालाही नव्हतं."

तोंडी परीक्षेत त्या एकच शब्द बोलायच्या. "आणि?" पोरगी चार गोष्टी सांगायची. "आणि?" अजून दोन. "आणि?" मग पोरगी घाबरून काहीतरी ठोकून द्यायची, आणि तिथे बुडायची. आतापर्यंत बरोबर आलं की नाही, हे त्यांच्या तोंडावर कधी दिसायचं नाही.

हर्षाली त्यांच्या हाताखाली शिकायला आली, ती वेसाव्याची. कोळ्याची पोर. तिची आई भानू जोगेश्वरीच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते. माझे बोंबील कित्येक वर्षं तिच्याकडचे. पोर हुशार. बाकी सगळ्यात पास. ॲनाटॉमीच्या प्रॅक्टिकलमध्ये मात्र तीनदा उडाली. कारण एकच. घंटा.

या परीक्षेत हॉलमध्ये टेबलं मांडतात. प्रत्येकावर शरीराचा एक भाग, त्यात कशाला तरी रंगीत दोरा बांधलेला. दोरा ज्याला बांधलाय त्याचं नाव लिहायचं. एक मिनिट. घंटा झाली की पुढच्या टेबलावर. मागे यायचं नाही. हर्षालीला सगळं यायचं, पण आता घंटा होईल, आता होईल, या धास्तीनं तिची बोटं गारठायची. आणि घंटा वाजवणारी मी.

चौथ्या चान्सच्या आदल्या दिवशी मी बोंबील घ्यायला गेले तर भानू म्हणाली, "पार्वती, घंटा तुझे हातात हाय ना गो? बघ काय ते."

"घंटा माझ्या हातात असते," मी म्हटलं. "मिनिट नसतं. आणि हे दोन मऊ निघालेत, बदलून दे."

सप्लीला बारा पोरं होती, बारा टेबलं. मॅडम खिडकीशी, हॉलकडे पाठ करून उभ्या. त्या नेहमी अशाच उभ्या राहायच्या, पोरांनी त्यांचा चेहरा वाचू नये म्हणून. हर्षाली सातव्या टेबलावर आली. कापलेला हात होता, मनगटाच्या वर एका नसेला पिवळा दोरा. वर्षानुवर्षं ऐकून त्या नसेचं नाव मलासुद्धा पाठ होतं. पोरीचं पेन कागदावर टेकलं होतं, हलत नव्हतं. ओठ हलत होते. भिंतीवरच्या घड्याळात मिनिट झालं.

मी कुणासाठी काही सोडणारी बाई नाही. नवरा गेला त्याच आठवड्यात मी टेबलं पुसायला हजर होते. पण माझा हात उठला नाही, हे खरं आहे. मी बघत राहिले. पेन हललं.

"पार्वतीबाई," मॅडम खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "घंटा."

मी वाजवली.

कागद गोळा झाले आणि मॅडम माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "अकरा सेकंद." त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. "कुणासाठी ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं तर लिहावं लागेल."

मग त्यांनी बाहेरून आलेल्या परीक्षक सरांना सांगितलं, ही परीक्षा पुन्हा घ्यायची. सर उडालेच. "अहो मॅडम, अकरा सेकंद! आणि मिळाले ते बाराही जणांना मिळाले ना?"

"ज्याच्यासमोर सोपं हाड होतं त्याला त्या अकरा सेकंदांचा काय उपयोग? जो अवघड टेबलावर होता त्यालाच झाला. परत घ्यायची."

"मला विमान आहे."

"मग लवकर दोरे बांधू या."

दोघांनी मिळून बारा नवे नमुने मांडले. पोरं बाहेर शिव्या घालत बसली होती. अहवालात मॅडमनी लिहिलं, घंटा उशिरा वाजली म्हणून परीक्षा पुन्हा घेतली. कुणी वाजवली ते लिहिलं नाही. क्लार्कनं मला नंतर वाचून दाखवलं.

घंटा मी टेबलावर ठेवून दिली होती. मॅडमनी ती उचलली आणि माझ्या हातात दिली.

"दुसऱ्या कुणाला सांगा," मी म्हटलं.

"दुसऱ्या कुणाला मिनिट कळत नाही. तुम्हाला कळतं. कळलं म्हणूनच तर हात थांबला."

आणि पुन्हा जाऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून. मी असं माणूस पाहिलं नव्हतं. ज्या हातानं दगा दिला त्याच हातात घंटा, आणि वर मागे वळून बघणंही नाही. बारा वेळा वाजवली मी. एकदाही इकडची तिकडे झाली नाही. हर्षालीकडे मी बघितलंच नाही.

ती मला नंतर म्हणाली, "मावशी, पहिल्या वेळेलाच वाटलं वाट लागली. दुसऱ्या वेळेला घाबरायला काही शिल्लकच नव्हतं. लिहीत सुटले."

तोंडीला मी दाराशी उभी होते. मॅडमनी तिच्या हातात खांद्याचं हाड दिलं. ती बोलत गेली. "आणि?" अजून बोलली. "आणि?" अजून. "आणि?" पोरीनं हाड उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "आणि काही नाही मॅडम. पाटी रिकामी झाली."

बाहेरचे सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "एवढं कळलं तरी पुष्कळ. नसलेला मासा विकायला बसू नये. जा."

पोरगी पास झाली. ग्रेस एक मार्क नाही.

भानू दुसऱ्याच दिवशी ताजा पापलेट घेऊन कॉलेजात. खात्यात आधीच औषधाचा वास, त्यात तो. मॅडम म्हणाल्या, "विद्यार्थ्याच्या घरचं मी काही घेत नाही. मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडू दे, मग आणा."

"अजून चार-पाच वर्षं जातील, मॅडम," भानू म्हणाली. "तोवर हा टिकंल का?"

"दुसरा आणा."

भानूनं ते मनात धरून ठेवलं. मधल्या काळात मॅडम रिटायर झाल्या, पाठोपाठ मी झाले. गेल्या महिन्यात हर्षालीची इंटर्नशिप संपली, आणि भानू माझ्या दारात. हातात पिशवी. "चल. मॅडमचा पापलेट."

मॅडमचं घर अंधेरी पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. केस सगळे पांढरे. घरात पुस्तकं सोडून दुसरं माणूस नाही. मी म्हटलं, बसा, चहा मी करते. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक कप. दुसरा कप शोधला तर फळीवर प्रयोगशाळेतले रेघा मारलेले दोन काचेचे पेले सापडले. मॅडमना कप दिला. मी आणि भानूनं पेल्यातून घेतला. माझा बरोबर दीडशेच्या रेघेपर्यंत होता.

टेबलावर एक फॉर्म पडला होता. देहदानाचा, आमच्याच कॉलेजचा. सगळं भरलेलं, खाली साक्षीदारांच्या दोन जागा कोऱ्या.

"भाऊ होता तो गेला," मॅडम म्हणाल्या. "माझ्या ओळखीची बाकी माणसं म्हणजे माझे विद्यार्थी. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही."

"आम्ही करतो की सही," भानू म्हणाली आणि साडीला हात पुसले.

"चौथी पासची चालते का?" मी विचारलं.

"चालते. मार्कशीट जोडावी लागत नाही."

आम्ही सह्या केल्या. भानूच्या सहीला पापलेटाचा वास लागला असणार. मॅडमनी कागद हातात धरून बराच वेळ पाहिला.

"पार्वतीबाई, आता तिथे घंटा कोण वाजवतं?"

"सुनंदा. मीच शिकवली."

"मिनिट कळतं तिला?"

"कळतं."

"मग सांगून ठेवा तिला. मी टेबलावर असेन त्या परीक्षेत, माझ्यापाशी कुणी अडलं तर अकरा सेकंद उशिरा वाजव म्हणावं."

मी त्यांच्याकडे बघितलं. "आणि नियम?"

"तेव्हा परीक्षक मी नसेन."

एकवीस वर्षं दाराशी उभी राहून मी ऐकलं होतं, ते मला काही फुकट गेलं नाही. मी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "आणि?"

मॅडम खिडकीकडे बघायला लागल्या. आमच्याकडे पाठ नव्हती, पण तोंडही नव्हतं.

"जिवंतपणी माझ्यासमोर पोरं एक मिनिट धड उभी राहिली नाहीत हो. कधी सुटतो असं व्हायचं त्यांना. तेव्हा तरी राहू देत थोडी उभी."

"आणि?"

"आणि काही नाही," कुंटे मॅडम म्हणाल्या. "पाटी रिकामी झाली."