वजन टाकून पाहिलेला बॅकअप

मामांनी तो प्रोग्राम काढला तो निव्वळ वैतागून. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की कोपऱ्यात एक चौकट उगवायची: 'तुमची मुदत संपत आली आहे.' अडुसष्टाव्या वर्षी चहाच्या आधी असलं काही वाचावं लागणं बरं नव्हे. सोमवारी त्यांनी तो प्रोग्राम उपटून टाकला, हात झटकले आणि एक ब्याद गेल्याचं मामींना कळवलं.

ब्याद होती बॅकअपची. फायलींच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवणं हे तिचं काम. खरं तर ते काम कॉम्प्युटरला मुळातच येतं, आणि आधीची दोन वर्षं तोच ते करत होता. पण गेल्या वर्षी दुरुस्तीवाल्याने 'याहून भारी' म्हणून हा पाहुणा आणून बसवला. आता पाहुणा गेल्यावर घरच्याने काम पुन्हा हाती घ्यायला हवं होतं. मामांनी उघडून पाहिलं, तर तिथे लिहिलेलं, 'तुमचा बॅकअप दुसरा प्रोग्राम सांभाळत आहे.'

"कोण सांभाळतोय?" मामा पडद्याला म्हणाले. "त्याला तर मी आत्ताच पोचवून आलो."

एरवी ते इतके हबकले नसते. पण त्या कॉम्प्युटरात त्यांचं पुस्तक होतं. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यावर तीन वर्षं खपून त्यांनी त्या अनुभवांचं पुस्तक लिहिलं होतं, आणि प्रकाशकाने ते चक्क स्वीकारलं होतं. 'लेखकाची आटोपशीर, मिश्कील भाषा हीच पुस्तकाची खरी ताकद,' असं पत्रात लिहिलेलं. ते पत्र मामांच्या खिशात असे आणि घड्यांवर आता मऊ पडलं होतं. पोस्टमनलाही त्यांनी ते वाचून दाखवलं होतं, आणि ते आणून देणारा तोच होता. शुक्रवारपर्यंत अर्पणपत्रिकेसह शेवटची प्रत पाठवायची होती.

मामींना यात काडीचा रस दिसत नव्हता. त्यांची तीस वर्षं एका कचेरीत साहेबांच्या पत्रांचे मसुदे सुधारण्यात गेली होती. आता कागद नको आणि तो खोका तर नकोच, असं त्या म्हणायच्या. दुपारी दोन ते चार मामा घोरत, तेव्हा त्या शब्दकोडं सोडवत. निदान मामांची तशी माहिती होती.

मामांनी भाचीला फोन लावला. ती एका मोठ्या बँकेत कॉम्प्युटर सांभाळायची आणि घरच्यांचे फुकटात सांभाळायची.

"पुस्तक पेनड्राइव्हवर उतरवून घे मामा, आणि निवांत झोप," ती म्हणाली.

"जिना आहे म्हणून बंद लिफ्ट तशीच सोडायची? चौतीस वर्षांत केलं नाही ते."

मग भाचीने समजावलं, की पाहुण्याने खोली सोडली, पण जाताना दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. ती परत हवी तर त्याला एकदा पुन्हा घरात घ्यायचं आणि नीट, सामानसुमानासकट निरोप द्यायचा. ज्याला हाकललं त्याच्यासाठी पायघड्या घालायच्या ही कल्पना मामांना रुचली नाही. तरी मंगळवारी त्यांनी प्रोग्राम परत बसवला. तो 'पुन्हा स्वागत आहे' म्हणाला आणि कोणी न सांगता पाच तास सगळा कॉम्प्युटर तपासत बसला. शेवटी कसाबसा निघाला, तर जाता जाता त्याने विचारलं, 'आम्हाला का सोडून जाताय?' मामांनी त्याला मोजून सात ओळींचं उत्तर लिहिलं.

बुधवारी सकाळी 'दुसरा प्रोग्राम सांभाळत आहे' ही ओळ गेली आणि तिथे काहीच उरलं नाही. भाचीने त्यांना कॉम्प्युटरच्या आतल्या सेवांच्या यादीपर्यंत नेलं. तिथे घरचा बॅकअप वर्षभर 'बंद' अशी पाटी गळ्यात घालून बसला होता. मामांनी त्याला चालू केलं. मग तो डिस्क सापडत नाही म्हणाला, कारण पाहुण्याने तिचं नावच बदललं होतं. तेही निस्तरलं. बारा वाजता हिरवी खूण आली: दर दहा मिनिटांनी प्रत घेतली जाईल, जुन्या प्रती जागेवर आहेत.

"झालं," भाची म्हणाली. "सुटलास."

"झालं असं तुझं यंत्र म्हणतंय," मामा म्हणाले. "लिफ्ट दुरुस्त झाली की आम्ही वाळूची पोती भरून खालीवर करून बघायचो. माणसं नंतर."

जगात फारसं कोणी करत नाही ते मामांनी केलं. बॅकअप खरंच परत येतो का, ते पाहायला पहिल्या प्रकरणाची सगळ्यात जुनी प्रत त्यांनी मागवली. ती आली, आणि मामा वाचू लागले.

'सदर इमारतीतील सदर लिफ्ट ही सदर दिवशी पाचव्या व सहाव्या मजल्यांदरम्यान बंद पडल्याचे सदर लेखकास कळविण्यात आले. आत एक विवाहित जोडपे वादविवाद करीत असल्याचे आढळून आले.'

मामांनी चष्मा पुसला. मग आजची प्रत उघडली. 'लिफ्ट पाच आणि सहाच्या मध्ये अडकली. आत नवरा-बायको भांडत होते. मी घाई केली नाही.'

हे शेवटचं वाक्य त्यांचं फार लाडकं होतं. वाचताना दर वेळी त्यांना वाटे, आपल्याला हे सुचलं तरी कधी? आता तोच प्रश्न त्यांनी जरा नेटाने विचारला. बिघाड शोधायची त्यांना जन्माची खोड. त्यांनी प्रतींच्या वेळा उतरवून काढल्या. सकाळी अकराची प्रत: सदर, सदर, सदर. दुपारी तीन दहाची: एकही नाही. दुसऱ्या प्रकरणाचं तेच, नवव्याचंही तेच. दुपारी तीन वाजता ते काय करत असतात, हे सगळ्या इमारतीला ऐकू येत असे.

त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. खिशातलं पत्र काढून त्यांनी वाचलं आणि ते कोणाला आलंय ते पाहिल्यासारखं पुन्हा खिशात ठेवलं. मग ते वाचतच राहिले. मामींनी प्रसंगाला कुठेच हात लावला नव्हता. माणसं त्यांचीच होती, बिघाड त्यांचे होते, घाबरट म्हाताऱ्याला फोनवर दिलेला धीरही त्यांचाच होता. मामींनी फक्त सगळ्यांना वाट मोकळी करून दिली होती. तीन वर्षं, रोज दुपारी, एका शब्दाने न बोलता.

"जेवायला येताय ना?" मामींनी आतून विचारलं. "झालं का त्या खोक्याचं?"

"चालू झालाय," मामा म्हणाले. "चांगला चालतोय."

गुरुवारी सकाळी त्यांनी अर्पणपत्रिका लिहिली. 'सदर पुस्तक सदर लेखकाच्या सहधर्मचारिणीस, सदर लेखकास सहन केल्याबद्दल व सदर कामी केलेल्या अमूल्य साहाय्याबद्दल, सादर व कृतज्ञतापूर्वक अर्पण करण्यात येत आहे.' ती फाइल मुद्दाम वर दिसेल अशी ठेवली, दोन वाजता आडवे झाले आणि जमेल तितकं खरं वाटेल असं घोरले. पलीकडे कळांची टकटक सुरू झाली, थांबली, बराच वेळ थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

चार वाजता मामी शब्दकोडं घेऊन बसलेल्या होत्या. मामांनी आधी प्रती उघडल्या. तीन दहाला चारही 'सदर' उडवलेले होते आणि एकच ओळ उरली होती: 'हिला.' तीन वीसला दोन 'सदर' परत आलेले. तीन चाळीसला चारही जागेवर होते, स्वल्पविरामसुद्धा जसाच्या तसा.

"झोप झाली का?" मामींनी कोड्यातून मान वर न करता विचारलं.

"झाली," मामा म्हणाले.

शनिवारी प्रकाशकाचा फोन आला. पुस्तक सुरेख झालंय, म्हणाले, फक्त अर्पणपत्रिका जरा बोजड वाटते, बाकीच्या भाषेशी जुळत नाही, आम्ही थोडी सुधारू का?

"तिला हात लावू नका," मामा म्हणाले. "ती तपासून झालीय."