भाऊसाहेबांच्या बंदुकीची खिटी

एका जंगलात, मुलांनो, बंदूक होती, शिकारी नव्हता. तो मचाणावर झोपला, खालून अस्वलाचे घोरणे ऐकून जागा झाला आणि बंदूक तिथेच टाकून थेट शहरात पोहोचला. शहाणा माणूस होता.

बंदूक मिळाली भाऊसाहेब बिबट्याला. भाऊसाहेबांना नखे होती, दात होते, अंधारात दिसतही होते. पण बंदूक आल्यापासून ते या गोष्टींचा उल्लेख गावाकडच्या नातेवाइकांचा करावा तसा, जरा ओशाळून करीत.

बंदुकीत एकच खोट होती. तिची सुरक्षेची खिटी कधीच गळून पडली होती. चाप न ओढताही, नुसत्या धक्क्याने बार उडे. भाऊसाहेब रोज पहाटे दट्ट्या मागेपुढे करून काडतूस भरीत, बंदूक पाठीला लावीत, ओढ्यावरून उडी मारीत, आणि पलीकडे पाय टेकताच धडाम्!

त्या आवाजाने रान जागे होई. हरणांचा कळप कान टवकारून टेकडीपलीकडे निघून जाई. भाऊसाहेब दिवसभर हिंडत आणि संध्याकाळी खेकडे खाऊन झोपत. सारे सुरळीत चालले होते. म्हणजेच सुधारणेची वेळ आली होती.

एके दिवशी तशीच सुटलेली गोळी आबासाहेब सांबराच्या शिंगाला लागली आणि टोक उडाले. सभा भरली.

"मारायचं तर नेम धरून मारा!" आबासाहेब गरजले. "ही काय पद्धत झाली? माझ्या शिंगाला काही मान आहे की नाही?"

कळपात विदुला नावाची हरिणी होती. गवताची काडीही ती दोन्ही बाजूंनी तपासून खाई. तिला त्या उन्हाळ्यात पाडस झाले होते, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

"उद्या ही गोळी चुकून माझ्या पाडसाला लागली तर?" तिने विचारले.

"आणि मुद्दाम लागली तर?" झुडपाआडून टिटवी म्हणाली.

"तो वेगळा विषय आहे, टिटवीबाई. आज आपण अपघाताबद्दल बोलतो आहोत," विदुला म्हणाली.

विदुला भाऊसाहेबांकडे गेली. वाऱ्याची दिशा पाहून, योग्य अंतरावर उभी राहून तिने मागणी मांडली. भाऊसाहेबांचे डोळे पाणावले.

"विदुलाताई, अगदी माझ्या मनातलं बोललात. त्या आवाजाचा मलाही फार त्रास होतो हो." त्यांनी बंदूक रिकामी करून तिच्यापुढे ठेवली. "घेऊन जा. पाहिजे तितके दिवस ठेवा. तुमच्यासारख्या जाणकारांच्या हातून काम व्हावं, एवढीच इच्छा."

बिबट्याने हरिणीवर असा विश्वास टाकल्याचे रानाच्या इतिहासात उदाहरण नव्हते. विदुलाला भरून आले.

काम साळिंदर मिस्त्रीकडे गेले. त्याने दोन खिट्या पुढे मांडल्या.

"ही साधी. नुसता चाप अडवते. बसवायला सोपी. आणि ही दट्ट्याच्या मागच्या टोकाला बसते, आतली सुईच धरून ठेवते."

"बार उडतो तो सुई काडतुसावर आपटून," विदुला म्हणाली. "चाप अडवून काय साधणार? दुसरीच बसवा."

तिचे बरोबर होते. या गोष्टीत तिचे प्रत्येक वेळी बरोबरच असते. म्हणून तर ही गोष्ट सांगावी लागते.

"हिला तीन घरं आहेत, ताई. मागच्या घरात सगळं बंद, पुढच्या घरात बार मोकळा. मधल्या घरात सुई अडलेली राहते, पण दट्ट्या उघडतो. भरलेली बंदूक निर्धोकपणे रिकामी करता येते."

"उत्तम."

"पण भाऊसाहेब ती रिकामी कशाला करतील?"

"तो त्यांचा प्रश्न. आपल्याकडून उणीव नको."

मिस्त्रीने खाच कोरली, खिटी बसवली. विदुलाने ती हलवून पाहिली. "केसभर ढिली आहे." मिस्त्रीने काटे फुलवले, मग निमूटपणे दुसरी खिटी घासून बसवली. बंदूक भरून तिचा लाकडी दस्ता खडकावर आपटला, दट्ट्या दणकन लोटला, सगळी बंदूक दरडीवरून खाली टाकली. बार उडाला नाही.

इतक्यात भाऊसाहेबांचा निरोप आला. खिटी सरकताना 'खट्' असा आवाज होतो म्हणे. पहाटे लेकरांची झोपमोड व्हायची. या हळवेपणाने विदुला विरघळली. खाचेत कातड्याचा तुकडा बसवायचे ठरले. कातडे भाऊसाहेबांनीच पुरवले. ते कोणाचे, हे विचारणे कोणाला प्रशस्त वाटले नाही.

काम संपले. तेलपाणी केलेली बंदूक डोहाकाठी वाळत ठेवली होती. टिटवी येऊन दगडावर बसली.

"अगं बाई, बंदूक तुमच्या ताब्यात आहे. डोह समोर आहे. दे की ढकलून!"

विदुला हादरली. "विश्वासानं दिलेली वस्तू?"

"मग तुझं पाडस?"

"त्याच्यासाठीच तर एवढं केलं! आणि आत्ताच तेल दिलंय तिला."

बंदूक समारंभपूर्वक परत गेली. आबासाहेबांनी स्वतः तिला रानफुलांची माळ घातली आणि सुसंस्कृत शेजारधर्मावर दीर्घ भाषण केले. मिस्त्रीला डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी ओढ्यावरून उडी मारली. आवाज झाला नाही. कळप कधी नव्हे तो उन्हं वर येईपर्यंत झोपला. मग रानात एकच बार झाला, आणि आबासाहेब जागीच कोसळले. गोळी खांद्यामागे, जिथे लागायला हवी तिथेच लागली होती. नेम धरलेला होता.

विदुला धावत आली. भाऊसाहेबांनी जेवण थांबवून अदबीने बंदूक दाखवली.

"काय काम झालंय, ताई! पंजा लावला, की लोण्यासारखी सरकते."

विदुलाने खिटी लांबूनच निरखली. ती नीट पुढच्या घरात होती. दोष कुठेच नव्हता. तिला आधी हायसे वाटले, आणि मग हायसे वाटल्याचे जरा चमत्कारिक वाटले.

शोकसभेत ठराव झाला, की झाली ती घटना अपघात नव्हती. सबब यंत्रणा यशस्वी आहे.

पुढच्या पहाटे विदुला पाडसाला पोटाशी घेऊन उभी होती. ओढ्याच्या दिशेने तिचे कान ताठ होते.

"आई, टेकडीपलीकडे जायचं ना?"

"थांब, बाळा," विदुला म्हणाली. "अजून आवाज कुठं झालाय?"

तात्पर्य: मुलांनो, दुसऱ्याची धोकादायक वस्तू हाती आली, तर ती नीट दुरुस्त करून, तेल देऊन परत करावी. यामुळे आपल्याला जे काही होते ते निदान चुकून होत नाही, आणि डोहाचे पाणीही स्वच्छ राहते.