वाटेत उतरलेले शब्द

बिन्यामिनकाकांना दुसऱ्या कुणाचा निरोप सांगायची आमच्या आळीत कुणाची छाती नव्हती. माझ्या सासूबाईंनी एकदा ती केली.

"कुसुम म्हणाली, उद्या पाणी येणार नाय."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे कुसुमचे शब्द, की तुमचे?"

"तिचेच."

"बोलवा तिला."

समोरच्या घरातली कुसुम हातातली मासळी तशीच टाकून, चिडचिडत आली. "अहो, मी म्हटलं, उद्या पाणी येणार नाय वाटतं!"

"बघा!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "'वाटतं' वाटेत सांडलं!"

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. सासूबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

ही एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. रोह्यात काकांचं घर आमच्या घराला लागून. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. भाऊबंद एकेक करून इस्राएलला गेले. बायको वारली, मग मुलगा दानियलही गेला. काका राहिले. का राहिलात विचारलं, तर म्हणायचे, "सिनेगॉगची चावी कुणाकडं देऊ? दरवाज्याकडं?"

त्यांच्या या वेडाचं मूळ धर्मग्रंथात होतं. देव मोशेशी बोलला ते हिब्रूत. ते शब्द देवाचे. पुढे नक्कल करणारा माणूस, भाषांतर करणारा माणूस, छापणाराही माणूस. "आणि माणूस आला की 'वाटतं' सांडतं," असं म्हणून ते सासूबाईंच्या खिडकीकडे बघायचे.

या वादाला त्यांना एकच गडी मिळाला होता, पेणच्या चर्चचे पाळकसाहेब. रोह्यातल्या तीन-चार ख्रिस्ती घरांसाठी ते एसटीने यायचे आणि परतीच्या गाडीपर्यंत काकांच्या ओट्यावर बसायचे.

"काका, ज्या देवानं लिहिणाऱ्याला प्रेरणा दिली, तो नक्कल करणाऱ्याला वाऱ्यावर सोडेल का? माझं मराठी बायबलही देवाचंच वचन आहे. अर्थ पोचला ना?"

"अर्थ पोचला, पाळकसाहेब. शब्द मात्र वाटेत गडबच्या थांब्यावर उतरले. चहा प्यायला."

पाळकसाहेब हसले. मग हळूच म्हणाले, "आणि तुमच्या सिनेगॉगमधली धर्मग्रंथाची, तोराची गुंडाळी? तीही हातानं केलेली नक्कलच ना?"

मला वाटलं, काका हरले. त्यांनी किटलीत उरलेला चहा पाळकसाहेबांच्या कपात ओतला आणि म्हणाले, "व्हय. पण ती भिऊन केलेली हाय. एक अक्षर चुकलं, तर ती दुरुस्त होईपर्यंत कुणी वाचायची नाय. तुमचा छापणारा भितो का कुणाला?"

दानियलचा फोन रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या बूथवर यायचा. काकांना कानाने कमी ऐकू येई. म्हणून ते मला घेऊन जायचे. रिसीव्हर माझ्या कानाला, आणि माझं तोंड त्यांच्या कानाशी. "जसंच्या तसं सांग गो. समजावू नको." मी शब्दन् शब्द म्हणून दाखवायची. बूथवाला बघत राहायचा.

एका रविवारी दानियल म्हणाला, "बाबांना सांगा, आज तामार बोलणार आहे." तामार म्हणजे त्याची मुलगी. तिकडेच जन्मलेली, चार-पाच वर्षांची. काकांनी तिला फक्त फोटोत बघितलं होतं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

पलीकडे खुसपूस झाली. मग एक बारीक आवाज आला. मी ऐकला तसा म्हणून दाखवला.

"आबा, मी झे?"

लगेच दानियल बोलला, तेही मी सांगितलं. "बाबा, ती म्हणते, तुमची फार आठवण येते."

मला वाटलं, आता काका म्हणतील, हे तिचे शब्द की तुझे? पण ते म्हणाले, "सांग त्याला, मला पण येते." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

परतताना मीच बडबडत होते. "काका, तुम्हाला आबा म्हणाली! आणि 'मी' पण म्हणाली. दानियलनं मराठी शिकवलं वाटतं."

काका चालता चालता थांबले.

"तिकडं हिब्रूत 'आबा' म्हणजे बाप. 'मी झे' म्हणजे कोण हा. बापाला विचारत होती गो ती, बाबा, कोण हाय हा?"

मी म्हटलं, "पण दानियल तर..."

"हिब्रू बोलता येत नसलं, तरी प्रार्थनेतले शब्द मला कळतात. हे तो विसरला." ते पुन्हा चालू लागले. "त्यानं खोटं नाय सांगितलं. भाषांतर केलं. भिऊन केलं पोरानं."

पुढच्या खेपेला पाळकसाहेब आले, तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. काकांनी त्यांना विचारलं, "एखाद्यानं मुळात नसलेलं वाक्य घातलं, निव्वळ मायेपोटी. तर त्यात देवाचा काही हात हाय असं धरायचं का?"

प्रश्न कुठून आला, पाळकसाहेबांना कळलं नाही. त्यांनी पिशवीतून बायबल काढलं, पानं उलटू लागले. मग घड्याळ बघून म्हणाले, "काका, याला वेळ लागेल. माझी गाडी चुकायची."

"चुकू द्या," काका म्हणाले. "रात्री इथंच ऱ्हावा. मी भात जास्त टाकतो."